परत न आलेले पुस्तक

३ डिसेंबर २०२३, आगमनकाळाचा पहिला रविवार. मिस्सा संपल्यावर फादरांनी नेहमीच्या सूचना वाचून दाखविल्या. गव्हाणीसाठी तरुणांनी केव्हा जमायचे, नाताळगीते गाणारी मंडळी कोणत्या वसाहतीत कोणत्या दिवशी येणार, फराळाच्या वर्गणीचे काय. मग हातातील कागदाची घडी करीत ते म्हणाले, "यंदा एक निराळे मागणे आहे. पाकिटे नकोत. प्रत्येक घराने सुटीतल्या आठ संध्याकाळी कोणासाठी तरी द्याव्यात. कोणासाठी, ते तुम्हीच शोधा."

पाकीट देणे किती सोपे असते, हे आम्हांला त्या क्षणी कळले. वाळूजमध्ये संध्याकाळ ही वस्तूच मुळी तीन पाळ्यांत वाटलेली आहे. एका घरात बाप कामावरून येतो तेव्हा शेजारच्या घरातला बाप डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असतो. १९८५ साली येथे बजाजचा कारखाना उभा राहिला. त्यामागोमाग लहानमोठे कारखाने आले, बजाजनगर वसले, रांजणगावच्या खोल्या भरल्या, आणि खाम नदीकाठचे हे जुने गाव हळूहळू एका औद्योगिक वसाहतीचे नाव होऊन बसले. आम्हीही त्याच ओघात आलो. आमचे मूळ गाव अंबडकडचे. वडिलांनी मळा सोडला, आम्ही भोंग्याच्या तालावर जगायला शिकलो.

आठ संध्याकाळी कोठे द्यायच्या, याचा निर्णय थोरलीने केला. ती तेव्हा आठवीत होती. गंगापूरच्या रस्त्याने येताना शाळेच्या बसमधून तिला उसाच्या फडाशेजारी कोप्या दिसत. "तिथे मुले नुसती बसलेली असतात," ती म्हणाली. "आपण त्यांना पुस्तके नेऊन देऊ." कल्पना आम्हां सर्वांना पसंत पडली. खरे सांगायचे तर ती स्वस्तही होती.

जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि नाथसागराच्या पाण्यावर या बाजूला ऊस वाढला. ऊस आला की तोडणीवाले आलेच. दसरा-दिवाळी उरकून मराठवाड्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. आमच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. आपल्या धर्मग्रामांतून आजही टोळ्या निघतात. आमचा सख्खा चुलतभाऊ दर वर्षी कोयता घेऊन जातो. त्याच्या मुलांसाठी आम्ही कधी एखादे पुस्तक नेले होते काय? त्या दिवशी हा प्रश्न आमच्या मनाला शिवलाही नाही.

कपाटाचा तळचा खण आम्ही उपसला. त्यातून निघाली ती पुस्तके अशी: पहिली-दुसरीची इंग्रजी वाचनमाला, अर्धी रंगविलेली चित्रांची पुस्तके, मागची पाने गळालेल्या गोष्टी, स्पर्धा परीक्षेचे एक जाडजूड मार्गदर्शक आणि कोणीतरी वाढदिवसाला दिलेला, कोणीही न उघडलेला ज्ञानकोश. दूरदर्शन संचाचे खोके भरले. खण रिकामा झाल्याचे समाधान आणि दान केल्याचे समाधान, दोन्ही एकदमच लाभली.

१६ डिसेंबरच्या शनिवारी, दिवस मावळण्याच्या सुमारास, आम्ही चौघे ते खोके घेऊन वस्तीवर पोहोचलो. वीस-बावीस कोप्या होत्या. बांबूच्या कमानी, त्यांवर पाचट, पाचटावर ताडपत्री. मोठी माणसे फडातून परतायची होती. पहाटे तीनला गेलेली माणसे, गाडी भरेपर्यंत येणार कशी? आठ-दहा वर्षांच्या मुली कडेवर भावंडे घेऊन उभ्या होत्या. आम्ही खोके उघडले आणि पाच मिनिटांत सारा गोंधळ झाला. ज्ञानकोशाची दोन मुलांत ओढाताण होऊन त्याची शिवण उसवली. एका पोराने इंग्रजी पुस्तक उलटे धरून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "ह्ये कुठल्या भाषेत लिवलंय?" कोपीच्या दारात बसलेली एक आजीबाई मात्र शांतपणे सारे पाहत होती. तिने ते परीक्षेचे मार्गदर्शक हातात घेतले, तोलले आणि म्हणाली, "ह्ये ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. चुलीला कागद लागतोच."

आम्हांला हसू आले आणि रागही आला. पण म्हातारीने त्या पुस्तकाची किंमत आमच्यापेक्षा अचूक केली होती. वर्षानुवर्षे ते आमच्या घरात पडून होते. त्याचा काही उपयोग सुचविणारी ती पहिलीच व्यक्ती.

रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "आपल्याला नको होती तीच दिली ना आपण? मग त्यांना कशी हवी असतील?" तो पाचवीत होता. पाचवीतल्या मुलाला अशा वेळी गप्प बसविण्याचे काही उपाय आईबापांकडे असतात. आम्ही ते वापरले नाहीत, एवढेच.

आता कपाटाचा वरचा खण काढावा लागणार होता. तेथे बजाजनगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेले 'किशोर'चे जुने अंक होते. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या या मासिकाने खेड्यापाड्यांतील किती मुलांना गोष्टींची गोडी लावली, याची मोजदाद करणे अवघड आहे. आता बंद पडलेल्या 'चांदोबा'चे काही अंक होते. नेहरू बाल पुस्तकालयाची चित्रमय पुस्तके होती, माधुरी पुरंदरे यांची दोन होती. आम्ही ठरविले की प्रत्येक मुलाने स्वतःचे एक लाडके पुस्तक त्यांत घालावे. थोरलीने थोडा विचार करून 'तोत्तोचान' काढून दिले. तिच्या दहाव्या वाढदिवसाचे ते पुस्तक, कोपरे झिजेपर्यंत वाचलेले. धाकट्याकडे 'फास्टर फेणे'चे एक पुस्तक होते. त्याने ते छातीशी धरले आणि सरळ नकार दिला. आम्ही त्याला बोललो. नाताळ, वाटून घेणे, गोठ्यातला बाळ येशू, सगळे एका दमात ऐकविले. तो रडत झोपला आणि पुस्तक त्याच्या उशाखाली राहिले. भा. रा. भागवतांनाही हा प्रकार फारसा आवडला नसता, असे आता वाटते.

दोनशे पानी वही आणली, रकाने पाडले: पुस्तकाचा क्रमांक, नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परत. पुस्तके सत्तावीस भरली.

येथे थोडे मागे जावेसे वाटते. पुस्तक एकाचे आणि वाचणारे अनेक, ही रीत आपल्या लोकांत नवी नाही. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातील केंदळ येथे 'निरोप्या' सुरू केला. आमच्या आजोबांच्या लहानपणी गावात त्याचा एकच अंक येत असे, मिशनच्या मास्तरांच्या नावे. मास्तर तो संध्याकाळी लिंबाखाली मोठ्याने वाचीत. ज्यांना अक्षर येत नव्हते तेही 'मी निरोप्या वाचतो' असेच म्हणत आणि त्यांत कोणाला खोटे वाटत नसे. त्याआधी, १८७३ पासून, अमेरिकन मराठी मिशनचा 'बालबोधमेवा' खास मुलांसाठी निघत होता. त्या काळी ज्या घरांत धड दिवा नव्हता, त्या घरांतील मुलांसाठी कोणीतरी मासिक काढीत होते! आजोबांचे वाचन पुढे जपमाळेच्या पुस्तकापुरतेच उरले, पण नातवंडांना ते गोष्ट सांगत ती लिंबाखाली ऐकल्यासारखी, मध्ये मध्ये थांबून, सगळ्यांकडे पाहून.

२३ डिसेंबरपासून आम्ही रोज जाऊ लागलो. आमच्या मुलांच्या शाळेला नाताळची सुटी होती. जिल्हा परिषदेच्या शाळांना तेव्हा पंचवीस तारखेचाच काय तो विसावा. पण या मुलांना तो प्रश्न नव्हता, कारण बहुतेकांचे नाव गावच्या हजेरीत होते आणि देह येथे होता. पुस्तके वाटायची नाहीत, आधी वाचून दाखवायची, असे ठरले. सौरदिव्याच्या उजेडात पोते अंथरून थोरली वाचू लागली. पहिल्या दिवशी पाच मुले होती. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापणाऱ्या बायांनी आपल्या चुली जरा अलीकडे मांडल्या. पुरुष बिडी ओढत, ऐकत नसल्यासारखे बसत, पण एखादे वाक्य धुरामुळे खोकताना हुकले, तर त्यांच्यातलाच एखादा म्हणे, "पुन्हा वाच, ताई."

तोत्तोचानची गोष्ट त्यांना धरून राहिली. शाळेतून काढून टाकलेली एक जपानी मुलगी आणि तिला सामावून घेणारी, आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा. डबा रुळावरून उतरवून आणला कसा, त्याला चाके होती की नव्हती, यावर टोळीत मोठी चर्चा झाली. एकाने हिशेब मांडला की आपल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडल्या तर तीस पोरे सहज बसतील. "आन् मास्तर?" दुसऱ्याने विचारले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

मास्तर नव्हते असे मात्र नाही. आपल्याच शहरातील 'जनार्थ' या संस्थेने या शतकाच्या आरंभी साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या. फडाच्या मागोमाग शाळा जावी, अशी ती कल्पना. पुढे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला. मुलाला जवळच्या नियमित शाळेत घालावे, असे त्याचे म्हणणे. म्हणणे योग्यच आहे. पण जवळची शाळा म्हणजे कोणापासून जवळची? कोपी महिन्याला जागा बदलते, आणि पाच वर्षांच्या भावाला कडेवरून उतरविल्यावाचून दहा वर्षांची बहीण शाळेत जाऊ शकत नाही. आपल्या जिल्ह्यातील वेरूळची २०२२ मध्ये शासनाने 'पुस्तकांचे गाव' म्हणून निवड केली, हे वाचून आम्हांला अभिमान वाटला होता. वेरूळ वाळूजपासून फार दूर नाही. कोपीपासून आहे.

त्या वस्तीवर बारा-एक वर्षांची एक मुलगी होती. चौथीपर्यंत ती गावी शिकली होती, मग धाकटा भाऊ झाला आणि तिची पाचवी फडावर आली. ती कधी पुढे बसत नसे. भावाला मांडीवर थोपटत, दिव्याच्या कडेला, थोरलीच्या खांद्यावरून पानाकडे पाहत राही. चौथ्या दिवशी थोरलीचा घसा बसला, तेव्हा तिने विचारले, "म्या वाचू?" ती एकेक अक्षर जोडून, बोट फिरवीत वाचू लागली. जोडाक्षराशी अडे, थांबे, पुन्हा मागून येई. एका पानाला पाव तास लागला. एकही पोर उठले नाही. तिची आई पिठाचे हात तसेच धरून, चुलीवर भाकरी करपेपर्यंत ऐकत होती. करपलेली भाकरी मग तिने आम्हांलाच आग्रहाने खाऊ घातली.

नाताळच्या संध्याकाळी धर्मग्रामाच्या गाडीतून वस्तीवरची सोळा मुले चर्चच्या आवारात आली. करंज्या, शंकरपाळे, केक असा बेत होता. पण मुले फराळाकडे वळण्याआधी गव्हाणीपाशी खिळली. आमच्या तरुणांनी यंदा गोठा पाचटाचा केला होता. दोन पोरे वाकून पाहू लागली. एकाने निकाल दिला, "पाचट उलटं लावलंय. पाणी आत यील." कोणी परवानगी देण्याआधीच त्यांनी अर्धे छप्पर उतरविले आणि नीट शाकारले. समितीचे अध्यक्ष अस्वस्थ झाले, पण फादर हसत होते. मग एका चिमुरड्याने गोठ्यातील बैलाकडे बोट दाखवून धाकट्याला विचारले, "ह्येंचा दुसरा बैल कुठाय?" एका बैलावर गाडी जुंपायची कशी, हे त्याला समजेना. धाकट्याने गाढवाकडे बोट केले. त्या पोराने मरिया आणि योसेफाकडे फार कणवेने पाहिले.

त्याच रात्री घरी आल्यावर धाकट्याने उशाखालचे पुस्तक काढले. "एका रात्रीपुरते देतो," तो म्हणाला. "उद्या पाच वाजता परत." दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच तो वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पुस्तक परत आले, पण मुखपृष्ठावर हळदीचा अंगठा उमटला होता आणि पानांत पीठ होते. त्याचे डोळे भरले. त्याने पुस्तक झटकले, पिशवीत घातले आणि पुन्हा कोणाला दिले नाही. आम्ही या वेळी काही बोललो नाही.

नेलेली पुस्तके मात्र रोजच्या रोज परत येत. आम्हांला वहीचे कौतुक वाटू लागले. शहरातील मोहल्ला बाल वाचनालयांविषयी आम्ही तेव्हा वाचले होते. २०२१ च्या जानेवारीत एका शाळकरी मुलीने आपल्या मोहल्ल्यातील मुलांसाठी घरच्या पुस्तकांतून पहिले वाचनालय उघडले आणि 'रीड अँड लीड फाउंडेशन'च्या आधाराने त्यांची संख्या वाढत गेली. ती मुलगी आपल्याच गल्लीतल्या मुलांकडे गेली होती. आम्ही गंगापूरच्या रस्त्याने गाडीतून जात होतो आणि तासाभराने परत येत होतो. हा फरक थोरलीच्या ध्यानात आला होता. "आपण त्यांचे शेजारी नाही ना," ती एकदा म्हणाली. आम्ही तो विषय तेथेच सोडला.

आठ संध्याकाळी केव्हाच पुऱ्या झाल्या होत्या. तरी जाणे चालू राहिले. ५ जानेवारीला आम्ही निरोप घेताना रविवारी येऊ म्हणून सांगितले. तीन राजांच्या सणाची मिस्सा आटोपून, ७ जानेवारी २०२४ रोजी, आम्ही केकचा डबा घेऊन गेलो, तर वस्ती नव्हती. फड संपला होता, टोळी रात्रीतून हलली होती. तीन तीन दगडांच्या काळ्या चुली, विखुरलेले पाचट, ताडपत्रीचा एक तुकडा. शेताचे मालक मोटारीच्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात खताची गोणी होती. "तुमच्यासाठी ठेवलंय म्हणाले."

गोणीत पुस्तके होती, तोंड सुतळीने नीट बांधलेले, वर वही. आम्ही बांधावर बसून मोजली. सव्वीस. ('फास्टर फेणे' त्यांत धरलेलेच नव्हते, हे धाकट्याने लगेच स्पष्ट केले.) नव्हते ते 'तोत्तोचान'. वहीत शेवटच्या ओळीत त्या मुलीने स्वतःच्या हाताने नाव, क्रमांक आणि तारीख लिहिली होती. 'परत' या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते: 'बारा पाने राहिलीत.' जोडाक्षर एकही नव्हते, त्यामुळे चूकही एकही नव्हती.

थोरली ते वाचून हसेल, अशी आमची अपेक्षा होती. ती रडली. "ते माझे होते," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दिले होते ते वाचायला, नेण्यासाठी नव्हे. त्यात तिच्या हाताने केलेल्या खुणा होत्या, दहाव्या वाढदिवसाचे शब्द होते. आम्ही तिला नवी प्रत आणून देऊ म्हणालो; तिला नवी नको होती. ज्या मुलाला आम्ही उशाखालच्या पुस्तकावरून उपदेश केला होता, तोच तिच्याजवळ जाऊन बसला आणि काही न बोलता पाचटाची पाती सोलीत राहिला. आम्हां उभयतांत गाडीत परतताना वाद झाला. मुकादमाचा नंबर शेतमालकांकडे होता. एकाचे म्हणणे, विचारायला काय हरकत? दुसऱ्याचे म्हणणे, त्या मुलीच्या बापाला मुकादमाच्या फोनवरून पुस्तकाविषयी विचारले, तर तिला काय वाटेल? फोन केला नाही. हे शहाणपण होते की भीड, याचा निर्णय आमच्याच्याने आजही होत नाही.

पुढच्या हंगामात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आम्ही त्या शेतावर पुन्हा गेलो. तेथे ऊस नव्हता, मका होता. दुसरी टोळी कोणत्या बाजूला आहे, हे कोणाला सांगता येईना. तेव्हा थोरलीनेच विचारले, "काका यंदा कुठे आहेत?"

आमचा चुलतभाऊ गोदावरीपलीकडे, नेवासे तालुक्यातील एका फडावर होता. कायगावचा पूल ओलांडून आम्ही संध्याकाळी पोहोचलो. आम्हांला पाहून भावजय आधी घाबरली. गावी कोणी गेले की काय, असे तिला वाटले. एरवी आम्ही अशाच बातमीसाठी येत असू. भाऊ फडातून आला, हातपाय धुतले आणि पिशवीकडे पाहून म्हणाला, "पोरांसाठी हाय व्हय? बरं केलं." आणखी काही म्हणाला नाही. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा पुस्तके चाळीत होता. त्याने माधुरी पुरंदऱ्यांचे एक निवडले. थोरलीने तीच दोनशे पानी वही उघडली आणि नवे पान काढले. मुलगा म्हणाला, "नाव म्या लिवतो."

त्याने पेन्सिल तोंडात ओली केली आणि सावकाश, रेघेच्या वर-खाली जात, आधी स्वतःचे, मग वडिलांचे नाव लिहिले. शेवटी आडनाव लिहिले. ते आमचेच होते.